सबथॅलॅमिक न्यूक्लिअस एकाच बाजूला गायब होते तेव्हा

एमआरआय स्कॅनमधून मेंदूच्या खोल भागातील लहान रचना संगणकाकडून आपोआप ओळखून घेण्याच्या कामात एक बिघाड आमच्याकडे तीन वेळा परतला. थॅलॅमस, प्युटामेन, हिप्पोकॅम्पस हे सारे व्यवस्थित रंगवले जाते, पण सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे थॅलॅमसखालचे छोटे केंद्रक एका बाजूला पूर्ण दिसते आणि दुसऱ्या बाजूला त्याचे चार-दोन ठिपके उरतात, कधी तेही उरत नाहीत. तिन्ही वेळा लक्षण अगदी सारखे होते आणि तिन्ही वेळा कारण वेगळे निघाले. पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी लागू पडला नाही, आणि तिसऱ्या वेळचा बिघाड तर दुसऱ्या वेळच्या दुरुस्तीतूनच जन्माला आला. जळगावात बसून हेच काम करणाऱ्या आमच्या लहानशा गटाचे त्यात बरेच आठवडे गेले, म्हणून तपासाचा क्रम सविस्तर लिहीत आहे.

आधी या रचनेचे मोजमाप लक्षात घेतले पाहिजे, कारण सगळ्या अडचणींचे मूळ त्यातच आहे. फ्रेंच वैद्य ज्यूल बर्नार लुईस यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेले हे केंद्रक थॅलॅमसच्या खाली, मध्यरेषेपासून सुमारे १२ मि.मी. अंतरावर, दोन्ही बाजूंना फुगलेल्या भिंगासारखे बसलेले असते. त्याचे घनफळ साधारण १२० ते १६० घन मि.मी., म्हणजे हरभऱ्याच्या बारीक दाण्याएवढे. स्कॅनचा प्रत्येक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठिपका) १ मि.मी. बाजूचा घन आहे असे धरले, तर अख्खे केंद्रक सव्वाशे-दीडशे व्हॉक्सेलमध्ये संपते. हिशेबासाठी ते ५ मि.मी. बाजूचा घन माना. त्यातील १२५ व्हॉक्सेलपैकी ९८ पृष्ठभागावर येतात आणि पूर्णपणे आतले असे २७च उरतात. थॅलॅमसएवढा, म्हणजे १९ मि.मी. बाजूचा घन घेतला, तर ६८५९ पैकी १९४६ व्हॉक्सेलच कडेचे असतात. कडेवर झालेली जी चूक थॅलॅमसला जाणवतही नाही, ती या केंद्रकाला जवळजवळ पुसून टाकते.

म्हणून आमचा पहिला नियम असा ठरला की केंद्रक का गायब झाले हा प्रश्न नंतर विचारायचा. ते कोणत्या पायरीवर गायब झाले, हे आधी शोधायचे. डायकॉम फाइल (स्कॅन यंत्रातून येणारी), निफ्टी फाइल (तिच्यावरून प्रक्रियेसाठी बनवलेली), कवटी काढलेले चित्र, साच्याशी (अनेक मेंदूंवरून बनवलेल्या नमुना-चित्राशी) जुळवलेले चित्र, प्रारूपाने (उदाहरणांवरून शिकवलेल्या संगणकीय मॉडेलने) दिलेला संभाव्यतेचा नकाशा, त्यावरून ठरलेले लेबल आणि साफसफाईनंतरचे अंतिम लेबल, या प्रत्येक पायरीचे उत्पादन वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवायचे. मधल्या फाइल डिस्कवर जागा खातात म्हणून त्या पुसणारी आज्ञा आम्हीच लिहून ठेवली होती. ती काढून टाकल्यावर तपास सुरू करता आला.

पहिली वेळ: चित्रातच केंद्रक नव्हते

एका स्कॅन केंद्राकडून आलेल्या जुन्या स्कॅनच्या गठ्ठ्यात हा दोष पहिल्यांदा दिसला. प्रारूपच बिघडले असे आम्ही गृहीत धरले आणि ते पुन्हा शिकवण्याच्या तयारीला लागलो. आमच्यासोबत काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मात्र आकडे बाजूला ठेवायला सांगितले. "तुमचा रंग काढा आणि नुसतं चित्र दाखवा. मला स्वतःला ते केंद्रक दिसतं का, ते आधी बघू." ते त्यांना दिसले नाही.

त्या स्कॅनमधील टी-२ चित्राचे (टी-१ आणि टी-२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार) आडवे काप ५ मि.मी. जाडीचे होते आणि दोन कापांमध्ये १ मि.मी.ची जागा सोडलेली होती. नेहमीच्या निदानासाठी अशी मांडणी सर्रास वापरली जाते आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. या केंद्रकाची उभी उंची मात्र पाच-सहा मि.मी.च असल्यामुळे ते एखाद्या कापात सापडते, नाहीतर दोन कापांमध्ये विभागून दोन्हींकडे पुसट होते. जाड कापाच्या एका व्हॉक्सेलमध्ये केंद्रक आणि शेजारचे पांढरे तंतू यांचे संकेत एकत्र मिसळतात. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्यावर त्या पिठातून उडीद वेगळा काढता येत नाही, तसेच हे आहे. पुढे संगणकाने ५ मि.मी.चे काप १ मि.मी.चे करून दिले तरी पीठ तेच राहते, फक्त ते जास्त डब्यांत भरलेले असते.

एकाच बाजूचे केंद्रक का जाते, याचे उत्तर डोक्याच्या तिरकेपणात मिळाले. डावे आणि उजवे केंद्रक एकमेकांपासून सुमारे २४ मि.मी. अंतरावर असतात. रुग्णाचे डोके कॉइलमध्ये (डोक्याभोवतीच्या, संकेत पकडणाऱ्या भागात) ५ अंशांनी एका बाजूला कललेले असेल, तर दोन केंद्रकांच्या उंचीत सुमारे २ मि.मी.चा फरक पडतो, आणि १० अंशांनी कलले तर सव्वाचार मि.मी.चा. मग एक केंद्रक कापाच्या मधोमध येते आणि दुसरे दोन कापांच्या मधल्या जागेत जाते. हे पडताळणे सोपे आहे. दोन्ही डोळे एका कापात आणि दोन्ही कानांचे आतले मार्ग एका कापात दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील, तर प्रारूपाला दोष देण्यात अर्थ नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. सिंथसेगसारखी, मेंदूच्या रचना आपोआप ओळखणारी साधने कृत्रिमरीत्या तयार केलेल्या, निरनिराळ्या छटांच्या आणि जाडीच्या चित्रांवर शिकवलेली असल्यामुळे जाड कापांच्या स्कॅनवरही १ मि.मी.चे सुबक लेबल देतात, आणि मोठ्या रचनांसाठी त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण त्या सुबक कडेपैकी किती भाग चित्रातून आला आणि किती शिकलेल्या आकारातून भरला गेला, हे नुसत्या लेबलकडे पाहून कळत नाही. शिवाय फ्रीसर्फर या साधनाच्या नेहमीच्या लेबलांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लिअसला स्वतःचे नावच नाही. ते, सब्स्टॅन्शिया नायग्रा, रेड न्यूक्लिअस आणि आसपासचा भाग हे सारे 'व्हेंट्रल डीसी' या एका नावाखाली, डावीकडे २८ आणि उजवीकडे ६० या क्रमांकांत, एकत्र येते. सिंथसेगही हेच नाव वापरते. एफएसएल या साधनसंचातील फर्स्ट हे साधन १५ रचना ओळखते, त्यांतही हे केंद्रक नाही. या साधनांच्या यादीत ते शोधून 'गायब आहे' असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तेथे ते मुळात अपेक्षितच नसते.

केंद्रक चित्रात उतरावे यासाठी काय करता येते? टी-१ चित्रात त्याचा आजूबाजूच्या ऊतींशी फरक फार कमी असतो. या केंद्रकात, सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये आणि ग्लोबस पॅलिडसमध्ये लोह असते व लोहामुळे टी-२ संकेत घटतो, म्हणून टी-२ किंवा एसडब्ल्यूआय (लोहाला विशेष संवेदनशील अशा) चित्रात ते गडद दिसते. एसडब्ल्यूआयमध्ये मात्र लोहाचा प्रभाव प्रत्यक्ष कडेच्या बाहेर पसरतो आणि केंद्रक आहे त्यापेक्षा मोठे भासते, त्यामुळे जागा ओळखण्यासाठी ते उत्तम असले तरी घनफळ मोजण्यासाठी मी ते वापरत नाही. आम्ही केंद्राला अशी विनंती केली की नेहमीच्या तपासणीला जोडून १ मि.मी.चे त्रिमितीय टी-१ आणि थॅलॅमसच्या माथ्यापासून पॉन्सपर्यंतच्या (मेंदूच्या देठातील भागापर्यंतच्या) सुमारे ४० मि.मी. भागाचे, मधे जागा न सोडता २ मि.मी.चे टी-२ काप घ्यावेत. असे वीसच काप लागतात.

पण काप पातळ झाला की संकेतही त्याच प्रमाणात घटतो. ५ मि.मी.वरून २ मि.मी.वर आले की तो दोन पंचमांश उरतो, आणि फक्त पुनरावृत्ती वाढवून तो भरून काढायचा म्हटले तर सव्वासहा पट वेळ लागतो. १.५ टेस्लाच्या यंत्रावर हे परवडत नाही. ज्यांच्यासाठी हे केंद्रक सर्वांत महत्त्वाचे, त्या पार्किन्सनच्या रुग्णांना कंप असतो आणि ते फार वेळ स्थिर राहू शकत नाहीत. धडगाव किंवा चोपड्याच्या सातपुड्याकडच्या गावांतून पहाटे निघून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला "हललात, आता पुन्हा या" असे सांगणे मला तरी योग्य वाटत नाही. म्हणून थोडा खरखरीत पण न हललेला स्कॅन आम्ही पत्करला. केंद्रातील तंत्रज्ञ रुग्णाला आत घेण्यापूर्वी अहिराणीत सगळे समजावून सांगतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या नीट बसवतात. या दोन गोष्टींनी चित्रात जेवढी सुधारणा झाली, तेवढी आमच्या कोणत्याही प्रोग्रॅमने झाली नाही.

दुसरी वेळ: केंद्रक होते, बाजू चुकली होती

नव्या स्कॅनवर काही महिने काम सुरळीत चालले आणि मग तोच दोष परतला. या वेळी चित्र स्वच्छ होते आणि मॅडमना दोन्ही केंद्रके दिसत होती. संभाव्यतेचा नकाशा उघडल्यावर कळले की डाव्या केंद्रकाच्या जागी 'डावे' आणि 'उजवे' या दोन्ही लेबलांना जवळजवळ सारखीच संभाव्यता मिळत होती. दोन्हींमध्ये मते विभागली गेल्यामुळे अनेक व्हॉक्सेलवर पार्श्वभूमी जिंकत होती, आणि उरलेल्यांपैकी काहींवर डावीकडे उजव्याचा क्रमांक पडत होता.

अशा वेळी डावे आणि उजवे मिळून एकच लेबल मानावे आणि एकूण घनफळ पाहावे. दोन्हींच्या संभाव्यतांची बेरीज घेतल्यावर एकूण योग्य येत असेल, तर केंद्रक सापडलेले आहे, फक्त बाजू हरवली आहे. मग संशय दोनच ठिकाणी घ्यायचा.

पहिले ठिकाण म्हणजे फाइलचा हेडर, म्हणजे चित्रासोबत साठवलेली माहिती. डायकॉममध्ये अक्षांची धन दिशा रुग्णाच्या डावीकडे, मागे आणि वर अशी असते, तर निफ्टीमध्ये ती उजवीकडे, पुढे आणि वर धरली जाते. फाइलमधून फक्त आकड्यांचा घन काढून घेतला, त्यावर प्रक्रिया केली आणि हेडरमधील स्थानमाहिती न जोडता तो साठवला, की दिशा हरवते. आणि मेंदू दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दिसत असल्यामुळे ही चूक डोळ्यांना कळत नाही. खात्री करण्याचा एक जुना आणि भरवशाचा मार्ग आहे: एखाद्या स्वयंसेवकाच्या उजव्या कानशिलावर ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवून स्कॅन घ्यावा. कॅप्सूलमधील तेल एमआरआयमध्ये ठळक दिसते. तो ठिपका शेवटच्या फाइलपर्यंत उजवीकडेच राहिला, तर साखळी बरोबर आहे. आमची बरोबर होती.

चूक दुसऱ्या ठिकाणी होती. प्रारूपाला अधिक उदाहरणे मिळावीत म्हणून शिकवताना चित्रे आरशासारखी उलटवण्याची पद्धत आहे. चित्र उलटले की डाव्याचे लेबल उजवीकडे जाते, पण त्याचा क्रमांक 'डावे' असाच राहतो. असे वारंवार दाखवल्यावर प्रारूप हेच शिकते की बाजूला काही अर्थ नाही. प्रारूप शिकवण्यासाठी आम्ही वापरत असलेल्या एनएन-युनेटमध्ये हे उलटवणे मूळ मांडणीतच चालू असते, आणि आम्ही नवी आवृत्ती घेताना ते बंद करायचे विसरलो होतो. डावे-उजवे वेगळे मोजायचे असेल, तर ते बंद करावे, किंवा उलटवताना क्रमांकही अदलाबदल करावेत, किंवा दोन्ही बाजूंना एकच लेबल देऊन नंतर मध्यरेषेवरून ते विभागावे. आम्ही तिसरा मार्ग निवडला, कारण त्यामुळे शिकण्यासाठीची उदाहरणे दुप्पट होतात. मार्ग चांगला आहे, आणि आजही आम्ही तोच वापरतो.

तिसरी वेळ: आम्हीच ते पुसत होतो

दोन्ही बाजूंना एकच लेबल केल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात एका बाजूचे केंद्रक पुन्हा नाहीसे होऊ लागले, आणि या वेळी पूर्णपणे, एकही ठिपका न उरता. चित्र चांगले, संभाव्यता दोन्हीकडे भक्कम, लेबलही दोन्हीकडे. अंतिम फाइलमध्ये मात्र एकच. मधल्या फाइल जपून ठेवलेल्या असल्यामुळे या वेळी कारण तासाभरात सापडले. प्रारूपाने कुठेतरी दूरवर चुकून रंगवलेले ठिपके काढण्यासाठी 'प्रत्येक लेबलचा सर्वांत मोठा सलग तुकडा ठेवा, बाकी पुसा' अशी साफसफाईची पायरी आमच्याकडे पूर्वीपासून होती. डावे आणि उजवे ही वेगळी लेबले होती तोपर्यंत ती निर्दोष चालत होती. दोन्हींचे लेबल एक झाल्यावर जे केंद्रक दोन-चार व्हॉक्सेलने लहान असेल, ते कचरा म्हणून पुसले जात होते. मध्यरेषेवरून आधी विभागणी आणि मग साफसफाई, एवढा क्रम बदलल्यावर प्रश्न मिटला.

याच पायरीवर आणखी दोन दोष दबा धरून बसलेले असतात. पहिला लेबल पुन्हा नमुनाबद्ध करण्याचा, म्हणजे वेगळ्या आकाराच्या व्हॉक्सेलमध्ये बसवण्याचा. लेबलचे आकडे ही नावे आहेत, त्यांची सरासरी काढता येत नाही. फ्रीसर्फरच्या क्रमांकांत डाव्या बाजूला थॅलॅमस १०, कॉडेट ११, प्युटामेन १२ आणि पॅलिडम १३ आहेत. पॅलिडमच्या कडेवर १३ आणि पार्श्वभूमीचा ० यांची रेषीय सरासरी घेतली, की १२, ११ आणि १० हे आकडे उमटतात, आणि पॅलिडमभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी प्युटामेन, कॉडेट व थॅलॅमसची खोटी वेष्टणे दिसू लागतात. नजीकच्या शेजाऱ्याची पद्धत (सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचा क्रमांक तसाच घेणे) वापरली की हे टळते, तरीही लहान रचनेच्या कडा त्यात तुटतात. प्रत्येक लेबलची संभाव्यता वेगळी नमुनाबद्ध करून शेवटी सर्वांत मोठी निवडणे हे सर्वांत चांगले. दुसरा दोष फर्स्ट वापरणाऱ्यांना भेटतो. त्याच्या दुरुस्तीपूर्वीच्या फाइलमध्ये कडेच्या व्हॉक्सेलचा क्रमांक मूळ क्रमांकात १०० मिळवून लिहिलेला असतो. फक्त मूळ क्रमांक मोजला तर कड पूर्ण सुटते, आणि वर सांगितल्याप्रमाणे लहान रचनेत कड म्हणजेच बहुतेक रचना. न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स ही खोल भागातील लहान रचना अनाकलनीयपणे लहान येत असेल, तर हे आधी पाहावे.

साच्यावर अवलंबून असणाऱ्या पद्धतींबद्दल थोडक्यात. नेहमी वापरला जाणारा एमएनआय-१५२ साचा १५२ निरोगी, तरुण प्रौढांच्या स्कॅनवरून तयार केलेला आहे. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाच्या मेंदूतील पोकळ्या रुंदावलेल्या असतात आणि खोल रचना बाहेर ढकलल्या गेलेल्या असतात. तेथे साच्यावरून आणलेले केंद्रक पुष्कळदा जवळच्या तंतूंवर जाऊन पडते. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा अ‍ॅटलास तयार केला आहे. मोठ्या मोजमापांसाठी तो साचा अधिक जवळचा असला, तरी वयाचा प्रश्न त्यानेही आपोआप सुटत नाही. साचा कोणताही असो, जुळवणी झाल्यावर रेड न्यूक्लिअस पाहावे. टी-२ मध्ये ते गोल आणि गडद दिसते, आणि त्याच्या पुढच्या कडेच्या पातळीवर बाहेरच्या बाजूला सबथॅलॅमिक न्यूक्लिअस असायला हवे. तसे नसेल, तर त्या स्कॅनची जुळवणी हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बिघाड वेळेवर लक्षात का आला नाही, याचेही कारण सांगायला हवे. आमच्या अहवालात 'अचूकता' नावाचा एक आकडा होता आणि तो नेहमी ९९ टक्क्यांच्या वर असे. २५६ बाजूच्या घनात १ कोटी ६७ लाखांहून अधिक व्हॉक्सेल असतात आणि दोन्ही केंद्रके मिळून सुमारे २६०. प्रारूपाने काहीच न ओळखता सगळे पार्श्वभूमी म्हणून सोडले, तरी ही अचूकता ९९.९९८ टक्के भरते. त्याऐवजी ली डाइस यांनी १९४५ मध्ये पर्यावरणशास्त्रातील जातींच्या सहवासासाठी मांडलेला गुणांक (दोन लेबले एकमेकांवर किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा) वापरतात, आणि तो योग्यच आहे. पण तोही आकारासोबत वाचावा लागतो. वरचा १२५ व्हॉक्सेलचा घन एकाच दिशेने १ मि.मी. सरकला, तर डाइस ०.८० वर येतो. थॅलॅमसएवढा घन तेवढाच सरकला, तर ०.९५ च्या आसपास राहतो. चूक तीच असूनही आकडे दोन भिन्न गोष्टी सांगतात. म्हणून आम्ही आता प्रत्येक बाजूसाठी चार गोष्टी नोंदवतो: डाइस, दोन पृष्ठभागांतील अंतर मि.मी.मध्ये, घनफळ आणि केंद्रबिंदूचे स्थान. डाव्या-उजव्या घनफळांत मोठा फरक दिसला, तर ती फाइल आपोआप माणसाकडे जाते.

हे सारे मोजमापासाठी आणि अभ्यासासाठी आहे. खोल मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेत एका मिलिमीटरनेही फरक पडतो. ती जागा शल्यचिकित्सक रुग्णाच्या स्वतःच्या चित्रांवरून आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष पेशींचे विद्युतसंकेत ऐकून ठरवतात. आमच्यासारख्या साखळीतून निघालेले लेबल तेथे पोहोचू नये, यासाठी प्रत्येक फाइलच्या नावातच आम्ही 'उपचारासाठी नाही' असे लिहितो. आणि ५ मि.मी.च्या ज्या जुन्या स्कॅनमध्ये केंद्रक दिसतच नाही, तेथे शून्य न लिहिता 'मोजता येत नाही' असे लिहितो, कारण शून्य पुढे कोणाच्या तरी सरासरीत जाऊन बसते.

वरील तिन्ही कारणे तपासूनही दोष राहिला, तर मदत मागताना अंतिम लेबलचे रंगीत चित्र एकटे पाठवू नये, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक काढून टाकलेल्या हेडरमधील कापाची जाडी, दोन कापांतील अंतर व दिशेची माहिती. रंग न चढवलेले चित्र तिन्ही प्रतलांत. साफसफाईपूर्वीचा संभाव्यतेचा नकाशा. आणि शिकवताना चित्रे उलटवली होती की नाही, एवढे सोबत असावे.